पहिला घास, दुसऱ्यांदा

डेन्मार्कमधल्या लेमवी गावात योन्ना बिएर्गला न ओळखणारा माणूस भेटलाच, तर तो उन्हाळ्यापुरता आलेला जर्मन पाहुणा समजावा. बेकरीतली पोरगी, बंदरावरचा क्रेनवाला, बँकेतला टकलू साहेब, सगळ्यांनी आयुष्यातला पहिला काळा पाव योन्नाच्या टेबलावर खाल्लेला. आणि योन्ना ही काही कुणाला असलं विसरू देणारी बाई नव्हे. बँकेत रांग लागलेली असताना ती त्या साहेबाला भर लोकांत म्हणायची, "गाजर थुंकायचास हं तू, थेट माझ्या पडद्यावर." साहेबाचे कान लाल व्हायचे आणि योन्नाचं काम जरा लवकर व्हायचं.

तिचं पाळणाघर म्हणजे तिचं स्वयंपाकघर आणि मागचं अंगण. नगरपालिका पोरं पाठवायची, चार-पाच, सगळी तीन वर्षांच्या आतली. सकाळी लापशी, मग अंगणात चिखल, मग जेवण, मग बाहेर बाबागाड्यांमध्ये झोप, थंडी असो की वारा. जेवणात हाप्स. राय धान्याच्या काळ्या पावाची कड कापून टाकायची, वर कलेजीची पेस्ट जाड फासायची आणि बोटाच्या पेराएवढे चौकोन पाडायचे. घास पोराच्या तोंडाशी नेताना योन्ना स्वतःच मोठा आ वासून "हा" म्हणायची आणि तोंड मिटताना "प्स". समोरचं पोरही तसंच करायचं. ज्यांना मोजून दोन दात, तीसुद्धा.

"दात काय, शोभेला असतात," असं तिचं मत होतं. "हिरड्या बघा किती टणक. बोट घालून बघा, म्हणजे कळेल." तरी कुठलाही नवा पदार्थ ती आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून टाळूशी दाबून बघायची. दात न लावता चिरडला गेला तर पास, नाही तर परत पातेल्यात. गाजर, बटाटा, पिकलेलं पेअर, खिम्याचे मऊ गोळे, सगळे या परीक्षेला बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचा नवरा विली म्हणायचा, "मलाही असंच दाबून-बिवून बघितलं असतंस तर बरं झालं असतं." त्यावर योन्ना म्हणायची, "तू नापास झाला असतास."

या धंद्यात ती हौसेने आली नव्हती. तरुणपणी ती हेरिंगच्या कारखान्यात मासे साफ करायची आणि तिचा मुलगा क्रेस्टेन गुद्रुन नावाच्या बाईकडे असायचा. एका संध्याकाळी ती त्याला न्यायला गेली, अंगाला माशांचा वास, पाय भरून आलेले, आणि गुद्रुनने कुंपणापलीकडूनच हाक मारली, "अगं, आज चालला की हा! खिडकीपासून चुलीपर्यंत!" गुद्रुनला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय. योन्ना हसली, आभार मानले, घरी आली आणि तळघरात कपड्यांच्या मशीनजवळ बसून हमसून हमसून रडली. क्रेस्टेन त्या रात्री तिच्यासमोरही चालला. पण ते दुसऱ्यांदा होतं.

पुढे तिने स्वतःचं पाळणाघर काढलं तेव्हा पहिला नियम केला तो हा: पहिलं पाऊल आपल्याकडे पडलं, तर आईबापांना सांगायचं नाही. "आज फार उभा राहत होता बाई," एवढंच म्हणायचं, "शनिवार-रविवार जरा लक्ष ठेवा." सोमवारी आईबाप चेहरे उजळून यायचे, पोरगा चालला म्हणून सांगायचे, आणि योन्ना टाळ्या वाजवून म्हणायची, "काय सांगता काय!" असल्या थापा तिने अगणित मारल्या आणि प्रत्येक थापेनंतर तिला शांत झोप लागली. आपण या कामात फार तरबेज आहोत असं तिला वाटायचं. वाटतच होतं म्हणून तर पुढचं सगळं झालं.

सोल्वाय तिच्याकडे आली ती हिवाळा सरता सरता. वर्षाची व्हायची होती अजून. खाली दोन दात, डोक्यावर कापसासारखे केस. तिची आई माइकन चष्म्यांच्या दुकानात होती. हडकुळी, बारीक आवाजाची, हात कायम गार. बाप येप्पे घरांवर छपरं घालायचा, आणि तो खोलीत आला की खोली लहान वाटायची.

पोरगी इथे यायच्या आधी काय घडलं होतं ते माइकनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. केळ्याचा तुकडा पोरीच्या घशात अडकला होता. पोरगी आधी लाल झाली, मग जांभळी. येप्पेने तिला पालथं धरून पाठीवर थापटलं आणि तुकडा बाहेर पडला. सगळा प्रकार दोन-चार श्वासांचा. पण त्या दिवसापासून माइकनच्या घरात गाळणीतून गेल्याशिवाय काही पोरीच्या तोंडात जात नव्हतं. घरी येणारी नर्स सांगून थकली, की आता मऊ तुकडे द्यायला लाग, नाही तर चावायला शिकणार कधी. माइकन मान डोलवायची आणि गाळणी घ्यायची.

तिने योन्नाच्या फ्रिजमध्ये पाकिटांची रांग लावली. फळांचा, भाज्यांचा गुळगुळीत लगदा, वर नळी, पोराने चोखायचा.

"फक्त हेच," माइकन म्हणाली. "मला माहितीये तू काय म्हणशील. पण फक्त हेच. वचन दे."

"दिलं," योन्ना म्हणाली आणि तिचा गार हात हातात घेतला.

काही दिवस तिने ते पाळलंही. पण जेवायच्या वेळी सोल्वाय उंच खुर्चीत पाकीट चोखत बसायची आणि तिचे डोळे बाकीच्या पोरांच्या ताटलीतून तोंडाकडे, तोंडातून ताटलीकडे फिरत राहायचे. ती पोरं चावायची तेव्हा हिचाही जबडा हलायचा, रिकामाच. योन्नाला ते बघवेना. शिवाय, आता खरं तेच सांगायचं तर, तिच्या टेबलावर बसून एक पोरगी पाकीट चोखते आहे, हेही तिला बघवेना. गावात काय म्हणतील! एका बुधवारी दुपारी तिने सोल्वायच्या हातात हाप्स दिला.

त्यानंतर रोज देत गेली. पाव, मग दाबलेलं गाजर, मग बटाटा. पोरगी खात होती, गुटगुटीत होत होती, गालांवर पेस्ट फासून घेऊन दोन दात दाखवत हसत होती. घशात एकदाही काही अडकलं नाही. प्रश्न होता तो पाकिटांचा. माइकन रोज पिशवीत रिकामी पाकिटं मोठ्या विश्वासाने शोधायची. तेव्हा पाकिटं रिकामी होणं भाग होतं, आणि ती करायचं काम विलीवर आलं. तो दुपारी खिडकीशी बसून पाकिटं चोखायचा.

"आजचं पेअर-पालक फक्कड होतं," तो म्हणायचा. "काल भोपळ्यात मात्र काही राम नव्हता."

योन्ना हसायची, धुवायचं काही नसताना पाकिटं नळाखाली धरायची आणि पिशवीत भरायची. थाप मारणं वेगळं आणि पुरावा तयार करणं वेगळं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण कळून वळलं नाही.

आणि मग घरी सोल्वायने जेवण सोडलं.

"रात्री तोंडच उघडत नाही गं," माइकन पोरीला न्यायला आली की दारातच सांगायची. "चमचा दिसला की मान फिरवते. तुझ्याकडे तर सगळं संपवते."

योन्नाला कारण ठाऊक होतं. ज्या पोरीने मिठाची, पावाची, कलेजीची चव घेतली, ती बेचव लगदा कशाला खाईल? पण तोंडातून आलं ते भलतंच.

"दात येत असतील," ती म्हणाली.

आता दात हे कारण असं आहे की त्यापुढे कुणी काही बोलत नाही. पोर रडलं, दात. ताप आला, दात. रात्रभर जागलं, दात. माइकनलाही हायसं वाटलं. "हो ना? मीही तेच म्हणत होते," ती म्हणाली आणि पोरीला कुशीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा दात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरांनी वजन केलं, म्हणाले, उत्तम आहे. ते ऐकून माइकन आणखीच खचली. वजन वाढतंय म्हणजे पोरगी कुठेतरी खातेय. म्हणजे फक्त आपल्याकडे खात नाही.

एका संध्याकाळी ती खाली बसून सोल्वायला हिवाळ्याचा जाड पोशाख घालत होती. चेन वर ओढता ओढता थांबली आणि वर न बघता म्हणाली, "माझ्याच हातचं नको आहे तिला."

सांगून टाकावं, अगदी आत्ता, या क्षणी, असं योन्नाला वाटलं. तिने तोंड उघडलंही.

"दात गं," ती म्हणाली. "वरचे. ते फार त्रास देतात."

त्या रात्री विलीने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगेन."

"कधी? पोरीच्या लग्नात?"

"विली, तू गप्प बस. पाकिटं कोण खातं?"

"मी खातो," विली म्हणाला, "आणि मलाही गिळवत नाहीत आता." एवढं बोलून तो झोपायला गेला. योन्ना आवरलेलंच टेबल आवरत राहिली. गुद्रुनने निदान तिला खरं सांगितलं होतं. कुंपणावरून, मोठ्याने, अडाण्यासारखं, पण खरं. आपण काय केलं? आपण एका आईचा पहिला घास घेतला, आणि वर तिला पटवून दिलं की तिच्या हातात काही खोट आहे.

पुढच्या आठवड्यात माइकन आली ती धावतच. फोन पुढे करत म्हणाली, "बघ, बघ, बोलली! पहिला शब्द!"

फोनमध्ये सोल्वाय खुर्चीत बसलेली. समोर माइकनचा हात, हातात चमचा, चमच्यात हिरवा लगदा. सोल्वायने मान फिरवली. मग पुन्हा वळून मोठा आ केला, जणू काही गिळलं असं तोंड मिटलं आणि स्पष्ट म्हणाली, "हाप्स."

योन्नाने फोन परत तिच्या हातात दिला.

"येप्पे म्हणतो ती हाप्स म्हणतेय," माइकन म्हणाली. "आणि मग मला कळलं. बाकीची खातात ते ती रोज बघते ना तुझ्याकडे. बघून बघून शब्द शिकली बिचारी. नुसती बघत बसायची, योन्ना! आणि मी तिला लगदा देत होते. माझ्या भीतीपायी." तिचे डोळे भरून आले. "मी ठरवलंय. तिला देऊया. पण पहिला मला देऊ दे, तुझ्यासमोर. काही झालं तर तू असशील. शुक्रवारी येऊ? येप्पेही येईल."

कुणी पळवाट इतकी झाडून-पुसून समोर ठेवत नाही. काही बोलायचंच नव्हतं. शुक्रवारी माइकन घास देईल, पोरगी खाईल, घरात पुन्हा जेवण सुरू होईल, सगळं सुरळीत. पहिल्या पावलांचं असंच तर करत आलो, योन्नाने स्वतःला समजावलं. हेही तसंच.

"ये की," ती म्हणाली. "मी कापून ठेवते."

शुक्रवारी दुपारी बाकीची पोरं अंगणात बाबागाड्यांमध्ये झोपली होती. योन्नाने पाव कापला, कड काढली, पेस्ट फासली. सवयीने एक तुकडा जिभेवर ठेवून टाळूशी दाबून बघितला. येप्पे मोठे बूट दारात काढून मोज्यांवर आत आला, फोन तयार ठेवून भिंतीला टेकला. माइकन खुर्चीसमोर बसली. तिने दोन बोटांत एक तुकडा उचलला.

"हा," माइकन म्हणाली.

सोल्वायने तुकडा आईच्या बोटांतून अलगद काढून घेतला, उलटा करून पेस्टची बाजू जिभेवर घेतली, चावला, गिळला, आणि ताटलीवर दोनदा थाप मारून म्हणाली, "हाप्स!"

"पहिल्याच दिवशी!" येप्पे ओरडला. "बघा पोरीला! सराईत आहे!" योन्नाने मान खाली घातली. येप्पेने काढलेला व्हिडिओ तेवढ्यात त्याच्या आईला, सासूला, बहिणीला, छपरावरच्या दोस्तांना रवाना झालेला होता. "थांबा, आईला फोन लावतो," म्हणत तो बूट पायात अडकवून अंगणाच्या टोकाला गेला, कारण योन्नाच्या स्वयंपाकघरात फोनवर कधी नीट आवाज यायचा नाही.

माइकन पोरीला घासामागून घास देत होती. हसत होती आणि रडत होती.

"किती सोपं होतं," ती म्हणाली. "इतके दिवस मी हिला उपाशी ठेवलं. कसली आई आहे गं मी?"

योन्ना एवढं सोडून सगळं सहन करू शकली असती.

"उपाशी नव्हती ती," योन्ना म्हणाली. "मी देत होते. माझ्याकडे रोज खात होती. हा पहिला नाही, माइकन."

मग तिने सगळं सांगितलं. सावरून नाही, सजवून नाही. वचन, बुधवार, रिकामी पाकिटं.

"पाकिटं तर रिकामी यायची," माइकन म्हणाली.

"विली खायचा."

माइकनच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. तिने पोरीची ताटली सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी रोज रात्री हिच्या हिरड्यांवरून बोट फिरवत होते. दात शोधत. येप्पेलाही शोधायला लावायचे. तू म्हणाली होतीस, वरचे."

माफी मागितली तर ती आपल्यासाठी मागितल्यासारखी होईल, म्हणून योन्नाने ती मागितली नाही. ओरड, तिला वाटलं, उद्यापासून पाठवणार नाही म्हण, नगरपालिकेत जा. माइकनने यातलं काहीच केलं नाही.

"तोंड कसं केलं होतं तिने?" तिने विचारलं.

"काय?"

"पहिल्यांदा. त्या बुधवारी. तू बघितलंस ना? मग सांग मला."

योन्ना खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "लगेच नाही खाल्ला. मुठीत धरला, चुरगळला. मग मूठ चाटली. चव लागली तशा कपाळावर आठ्या आल्या, तुला येतात तशा. मग मी दुसरा दिला. तो जिभेवर ठेवून नुसती थांबली. काय करायचं ते कळत नव्हतं. मग जबडा हलला, एकदा, दोनदा. काळी लाळ गळ्यापर्यंत आली. मग गिळला."

"घाबरली?"

"नाही. खूश झाली. दोन्ही हात वर केले."

"मग?"

योन्ना अडखळली. पुढचं तिने विलीलाही सांगितलं नव्हतं.

"मग तिने दाराकडे बघितलं," ती म्हणाली. "तू सकाळी ज्यातून जातेस त्या दाराकडे. बराच वेळ बघत होती."

माइकनने डोळे मिटले. बाहेर येप्पेचं मोठमोठ्याने हसणं जवळ येऊ लागलं होतं.

"त्याला सांगायचं नाही," माइकन डोळे न उघडता म्हणाली.

"माइकन, मी सांगते त्याला. दोष माझा आहे. तू कशाला..."

"त्याने सगळ्यांना पाठवलंय. त्याची आई आजारी आहे, ती आठवडाभर त्यावर जगेल. नाही सांगायचं." आता तिने डोळे उघडले. "तुझं मन हलकं झालं ना? मग झालं तर."

दार उघडलं. येप्पे बुटांसकट आत आला, फोन हातभर पुढे धरून. फोनवर चालू असलेलं बोलणं तुटू नये म्हणून तो उंबऱ्याशीच थांबला. पडद्यावर उशीला टेकलेली एक म्हातारी, डोळे ओले.

"आई विचारतेय, खरंच हा अगदी पहिला का?" येप्पे म्हणाला. "तिचा विश्वास बसत नाहीये, इतकं झकास खाल्लं!"

"अगदी पहिला," माइकन हसून म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता, जराही अडखळला नाही. "योन्नाला विचारा हवं तर. तिला ठाऊक आहे."

येप्पेने फोन योन्नाकडे वळवला. म्हातारी वाट बघत होती. योन्नाने माइकनकडे पाहिलं, पण माइकन लाळेऱ्याच्या टोकाने पोरीची बोटं एकेक करून पुसत होती आणि तिने मान वर केली नाही.

"हो," योन्ना म्हणाली. "पहिलाच."